निर्बंधांत कोड अडकतो तो या चुकांमुळे, टाळा

"ओपन सोर्स आहे ना, मग त्याला कसले निर्बंध?" हे ऐकून ऐकून कान किटले. अरे बाबांनो, लायसन्स मोकळं असतं, पण कोड राहतो कुणाच्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर, आणि त्या कंपनीला तिच्या देशाचा कायदा पाळावाच लागतो, त्या देशाने दुसऱ्या देशावर व्यापारी निर्बंध घातले की तेही. गिटहब (कोड ठेवायची आणि मिळून लिहायची साइट) अमेरिकन. जुलै 2019 मध्ये इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांचे प्रायव्हेट रेपो (रेपो म्हणजे एका प्रोजेक्टच्या कोडचा साठा) अमेरिकन निर्बंधांमुळे पटापट बंद झाले, पब्लिक तेवढे चालू राहिले. इराणपुरतं अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या ओफॅककडून (निर्बंध बघणारं ऑफिस) खास परवाना मिळवून सगळं परत सुरू करायला जानेवारी 2021 उजाडलं. दीड वर्ष!

चूक एक: "क्लोन आहे की माझ्याकडे"

क्लोन म्हणजे रेपोची आपल्या मशीनवरची कॉपी. ही चूक माझी स्वतःची, म्हणून जास्त बोलतो. पुण्यात शिकायला आलेला एक इराणी मित्र, मी आणि अजून एकजण मिळून पीडीएफमधून मराठी-फारसी मजकूर काढायचं टूल लिहीत होतो. रेपो त्याच्या अकाउंटवर, ओनर तो एकटाच, आणि प्रायव्हेट, कारण "जरा नीट झालं की पब्लिक करू" (हे "जरा नीट" कधीच होत नाही). पठ्ठ्या नौरोजला (इराणी नववर्ष) इराणमध्ये शिराझला घरी गेला, तिथून लॉगिन केलं आणि काही दिवसांत अकाउंट बंद केल्याची पट्टी आली. साइटचं नाव घेत नाही, गाढवपणा आमचाच होता.

कोड माझ्या लॅपटॉपवर होता, तीन आठवडे जुना, ते एकवेळ चाललं असतं. पण इश्यू, म्हणजे साइटवर लिहून ठेवलेल्या चुकांच्या नोंदी, गेले ना! कुठल्या पीडीएफमध्ये पहिली वेलांटी एक अक्षर आधी उडी मारते, कुठे रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, हे सगळं आम्ही स्क्रीनशॉटसकट इश्यूमध्ये लिहिलेलं आणि गिट क्लोनमध्ये इश्यू येत नाहीत हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं. शेवटी नोटिफिकेशनच्या जुन्या मेलमधून एकेक मजकूर उचलत बसलो, दोन रविवार गेले, स्क्रीनशॉट काही तेव्हा मिळाले नाहीत.

तेव्हापासून दर शुक्रवारी चहाचं आधण ठेवलं की मिरर क्लोन (सगळ्या ब्रँचसकट पूर्ण कॉपी) मारतो, एपीआयमधून (प्रोग्रॅमने साइटवरचा डेटा मागायची सोय) इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (बदल घ्या म्हणून केलेल्या विनंत्या) जेसन फाइलमध्ये उतरवतो आणि बाहेरच्या डिस्कवर टाकतो. ऑटोमेट कर म्हणतात लोकं. मला हाताने केलेलं बरं वाटतं, फाइलचा साइझ डोळ्यांनी दिसतो. आणि ओनर किमान दोन, तेही वेगवेगळ्या देशांत. एलएफएसच्या (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची गिटची सोय) फाइली मिररमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या ओढा.

चूक दोन: "व्हीपीएन लाव ना"

व्हीपीएन म्हणजे आपण दुसरीकडूनच नेटवर आलोय असं दाखवणारी सोय. प्रत्येक घाईच्या नवशिक्याचं हेच उत्तर. गिटहबच्या नियमांत लोकेशन लपवायला व्हीपीएन वापरायचा नाही असं सरळ लिहिलंय. आणि व्हीपीएन एकदा तरी गळतोच, रात्री दोनला पुश मारताना (कोड साइटवर चढवताना) कनेक्शन तुटतं आणि खरा आयपी पत्ता जाऊन बसतो साइटच्या लॉगमध्ये. मग अपील करताना काय सांगणार? आमच्या मित्राने पुण्यात परत आल्यावर फॉर्म भरला, कुठे राहतो ते खरं सांगितलं, ओळखपत्र दिलं, अकाउंट उघडलं. कंटाळवाणं आहे, पण चालतं. प्रवासाला जाताय तर निघायच्या आधी बॅकअप घ्या, तिथे पोचून नाही.

बाकीच्या, पटकन

"दुसऱ्या साइटवर हलवू." सर्व्हर कुणाचे ते आधी बघा. गिटलॅब (गिटहबसारखीच साइट) 2018 च्या ऑगस्टमध्ये गूगल क्लाउडवर गेलं आणि इराणमधल्या लोकांना ते उघडेना. सोर्सफोर्ज या जुन्या कोडच्या साइटने तर 2010 मध्येच असं ब्लॉकिंग केलं होतं.

"पब्लिक आहे म्हणजे सेफ आहे." टॉर्नेडो कॅश आठवा, क्रिप्टोचे व्यवहार मिसळून माग पुसणारं ओपन सोर्स टूल. ऑगस्ट 2022 मध्ये ओफॅकने निर्बंधांच्या यादीत टाकलं, गिटहबवरून रेपो गेलेच, डेव्हलपरांची अकाउंटंही गेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्राध्यापक मॅथ्यू ग्रीन यांनी कोडची कॉपी मुद्दाम परत टाकली, आणि नुसता कोड दाखवायला बंदी नाही हा खुलासा ओफॅककडून सप्टेंबरमध्ये आला, मग रेपो दिसायला लागले.

"कोडला देश नसतो." ऑक्टोबर 2024 मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) मेंटेनर्सच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांच्या, यादीतून रशियावरच्या निर्बंधांमुळे डझनभर रशियन नावं काढली, बघा जमलं तर हे वाक्य त्या लोकांना समजावून.

"स्वतःच होस्ट करतो, गिटी (Gitea, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं गिटहबसारखं सॉफ्टवेअर) टाकतो." टाका की. फक्त भाड्याचा सर्व्हर अमेरिकन क्लाउडवर घेऊन मग मला फोन करू नका.