लिनक्सवर चिनी अक्षरं जपानी वळणाची दिसतात?

उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची भाषा इंग्रजी असली की चिनी मजकूर बऱ्याचदा जपानी वळणात उमटतो. 'हाड' या अर्थाचं चिन्ह मोठं करून बघा: वरच्या चौकटीतला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे असतो, जपानीत उजवीकडे.

१. नोटो सीजेके (चिनी-जपानी-कोरियन अक्षरांचा) फॉन्टचं पॅकेज टाका.
२. होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात 'फॉन्टकॉन्फिग' फोल्डर आणि त्यात 'फॉन्ट्स डॉट कॉन्फ' फाइल करा. त्यात सॅन्स-सेरिफच्या (टोकांना रेघा नसलेल्या साध्या अक्षरांच्या) यादीत आधी नेहमीचा इंग्रजी फॉन्ट, मग 'नोटो सॅन्स सीजेके एससी' (एससी म्हणजे सोपी केलेली चिनी लिपी). तैवानचा मजकूर वाचत असाल तर एससीऐवजी टीसी, म्हणजे पारंपरिक लिपी.
३. टर्मिनलमध्ये एफसी-कॅश ही फॉन्टची नोंद ताजी करणारी आज्ञा चालवा, लॉगआउट करून परत या.

क्रम उलटा करू नका, नाहीतर इंग्रजी अक्षरंही चिनी फॉन्टमधूनच येतात. मी केला होता. मेन्यूसुद्धा अनोळखी वाटायला लागला.