जुन्या गाडीची किल्ली आणि इमोबिलायझर : या चुका टाळा

स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर पेटते आणि लगेच बंद पडते. मीटरवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहते. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत असे झाले की बहुतेक मालक प्रथम रिमोटचा सेल बदलतात आणि त्याने काही फरक पडला नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनचा नियंत्रक संगणक, गेला असे समजून मोठ्या खर्चाची तयारी करतात. या दोन्ही निष्कर्षांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे किल्लीतील रिमोट आणि इमोबिलायझरची (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची) चिप या एकच गोष्टी आहेत हा.

प्रत्यक्षात त्या स्वतंत्र आहेत. दरवाजे उघडणारा रिमोट साधारण ४३३ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरींवर संदेश पाठवतो आणि त्यासाठी त्याला सेल लागतो. चिपला मात्र सेल लागतच नाही. किल्ली फिरवल्यावर इग्निशन लॉकभोवती बसवलेले तारेचे वेटोळे साधारण १२५ किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यातूनच चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक कळवते. तो जुळला तरच ईसीयू इंजिन चालू राहू देतो. म्हणून किल्ली फिरवून चालू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी इंजिन सुरू व्हायलाच हवे. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत फोबचा, म्हणजे खिशात ठेवायच्या रिमोट-किल्लीचा, सेल संपला, तर बहुतेक मॉडेलांत फोब स्टार्ट बटणाला टेकवून किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी धरून काम भागते, आणि दरवाजासाठी फोबमध्येच धातूची किल्ली दडवलेली असते.

सेल बदलताना त्यावरील क्रमांक पाहावा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा सेल. सीआर २०२५ सुद्धा ३ व्होल्टचाच असतो, पण जाडीला २.५ मिलिमीटर असल्यामुळे तो २०३२ च्या जागी सैल बसतो आणि रिमोट कधी चालतो, कधी चालत नाही.

याहून अधिक नुकसान किल्लीचे कव्हर बदलताना होते. झिजलेले कव्हर टाकून नवे घेणे स्वस्त असते, आणि बदलून देणारा रिमोटची सर्किटपट्टी आठवणीने नव्या कव्हरमध्ये बसवतो. परंतु अनेक मॉडेलांत इमोबिलायझरची चिप त्या पट्टीवर नसते. ती तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा लहानसा काळा ठोकळा असून जुन्या कव्हरच्या एखाद्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. ती तशीच कचऱ्यात जाते. नव्या किल्लीने दरवाजे उघडतात, स्टार्टरही फिरतो, पण गाडी चालू होत नाही, आणि कोणालाही कव्हरचा संशय येत नाही. म्हणून काम समोर उभे राहून करून घ्यावे, गाडी सुरू करून पाहावी आणि त्यानंतरही जुने कव्हर काही दिवस सांभाळून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

गाडीच्या मुख्य बॅटरीकडे होणारे दुर्लक्ष ही तितकीच महत्त्वाची चूक आहे. बॅटरी अशक्त असली की स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके खाली येते की ईसीयूला चिपचा क्रमांक नीट वाचता येत नाही, आणि दोष इमोबिलायझरचा वाटतो. पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) घरी असावा. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग करावे, टर्मिनल घासून घट्ट करावेत आणि मगच पुढचा विचार करावा. टर्मिनल काढून ठेवल्याने इमोबिलायझर ‘रीसेट’ होतो हा समज मात्र चुकीचा आहे, कारण किल्ल्यांचे क्रमांक वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेले असतात.

चिप असलेल्या दोन किल्ल्या एकाच कड्यात अडकवू नयेत. एकीचे उत्तर दुसरीच्या वाचनात अडथळा आणू शकते. किल्ली वेगळी काढून प्रयत्न करणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि दुसऱ्या किल्लीने प्रयत्न करणे ही सर्वांत उपयुक्त. दुसरीने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीत आहे. दोन्हींनी झाली नाही तर लॉकभोवतीचे वेटोळे, वायरिंग किंवा ईसीयू तपासावे लागेल. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले तसे पुराचे पाणी ज्या गाडीत गेले असेल, तिच्या आसनाखालचे आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवट पडले आहेत का, हे प्रथम पाहावे. अॅक्सेसरीच्या दुकानातून बसवलेले सेंट्रल लॉकिंग असेल तर त्याचा स्टार्टरची वीज तोडणारा रिलेही (विजेवर चालणारा स्विच) संशयाच्या यादीत घ्यावा. टेपने गुंडाळलेले त्याचे जोड कालांतराने सैल होतात.

नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारातून किंवा भंगारातून जुना ईसीयू आणून बसवणे अनेकांना सोपे वाटते. तो आपल्या मूळ गाडीच्या किल्ल्या ओळखतो, आपल्या नाही. त्यामुळे पुन्हा जुळवणीचा खर्च येतोच. इमोबिलायझर कायमचा ‘बायपास’ करून घेणे तर मी कोणालाही सुचवणार नाही. गाडीची चोरी सोपी होते आणि विमा कंपनीला दावा नाकारण्याचे निमित्त मिळते.

दुसरी किल्ली पहिली चालू असतानाच करून घ्यावी, कारण एकही किल्ली शिल्लक नसताना तेच काम कितीतरी महाग आणि किचकट होते. रांजणगावला तयार झालेली फियाट किंवा तळेगावची शेवरोले बाळगणाऱ्यांनी तर हे लांबणीवर टाकूच नये. या कंपन्यांनी येथील विक्री थांबवली आहे आणि किल्लीसाठी जाणकार शोधावा लागतो. फियाटबरोबर मिळालेले कोड कार्ड, किंवा इतर गाडीच्या किल्लीसोबतची क्रमांकाची पट्टी, गाडीत न ठेवता घरी कागदपत्रांत ठेवावी. किल्ली करणाऱ्याला चिपची नक्कल करणार की नवी चिप गाडीत नोंदवणार, हे आधी विचारावे. नक्कल झालेल्या चिपचा क्रमांक मूळ चिपचाच असतो, त्यामुळे हरवलेली किल्ली नंतर रद्द करायची झाल्यास नक्कलही निकामी होते. किल्ली हरवली असेल तर तिची नोंद पोलिसांकडे करून पोच जपावी आणि गाडीच्या स्मृतीतून ती किल्ली काढून टाकावी. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी सर्व मूळ किल्ल्या मागते, आणि कमी असलेल्या किल्लीचे उत्तर त्या वेळी ही पोचच देते.