झेडझेडची वाढ आणि तोंडावर आलेला पावसाळा: रोपवाटिकांसाठी मे-जूनचा सल्ला

झेडझेड प्लांट, म्हणजे चकचकीत पानांचे घरात ठेवायचे शोभेचे झाड, करणाऱ्या रोपवाटिकांमध्ये या दिवसांत एकच तक्रार ऐकू येते: रोप जागचे हलत नाही. मार्चमध्ये कुंडीत लावलेले रोप मेअखेरीसही दोन काड्यांवरच उभे असते. मग पाणी वाढवले जाते, विद्राव्य खताचा हात सैल सुटतो, आणि जूनमध्ये झड लागली की आतला कंद सडतो. या झाडाचे नुकसान बहुतेक वेळा कीड करत नाही, आपली घाई करते. म्हणून पावसाळ्याआधी त्याची वाढ नेमकी कशी होते, ते आधी समजून घ्या.

झेडझेड मूळचे पूर्व आफ्रिकेचे. केनिया, टांझानियापासून मोझांबिकमार्गे दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतापर्यंत ते रानात आढळते. तिथे पावसानंतर लांबलचक कोरडा काळ येतो, आणि त्या काळासाठी हे झाड जमिनीखालच्या जाड कंदात आणि फुगीर देठांत पाणी साठवून ठेवते. ताण फारच वाढला तर पर्णिका (काडीवरची छोटी पाने) गाळते आणि पाऊस आला की कंदातून पुन्हा फुटते. कोरड्या दिवसांत पाणी वाचवण्यासाठी ते पानांची रंध्रे रात्री उघडून हवा घेऊ शकते. कूळ मात्र आपल्या ओळखीचे, अळू आणि सुरणाचेच. वनस्पतिशास्त्रात त्याची नोंद 1829 पासून आहे, पण कुंडीतले झाड म्हणून मोठ्या प्रमाणावर उत्पादन डच रोपवाटिकांनी 1996 च्या सुमारास सुरू केले, तेव्हा कुठे ते जगभर पोहोचले.

आता मुख्य गोष्ट. आपण ज्याला काडी किंवा फांदी म्हणतो, ते खरे तर एक अख्खे संयुक्त पान आहे. खालचा फुगीर भाग म्हणजे त्याचा देठ, वरच्या चकचकीत हिरव्या चकत्या म्हणजे पर्णिका. खरे खोड कंदाच्या रूपाने मातीत असते. कंदातून टोकदार कोंब वर येतो, काही आठवड्यांत झपाट्याने उंच होतो, उलगडतो आणि तिथेच थांबतो. एकदा पूर्ण उघडलेल्या काडीला नंतर नवी पर्णिका येत नाही आणि तिची उंचीही वाढत नाही. त्यामुळे शेंडा खुडून झाड भरगच्च करण्याचा जास्वंद-क्रोटनचा उपाय इथे चालत नाही. शेंडा खुडलेली काडी कायमची बोडकी राहते.

झाड उंच होते ते पुढच्या काडीमुळे. कंद जितका मोठा, तितकी त्यातून येणारी काडी जाड आणि उंच. लहान कंदाची पहिली काडी वीतभरही नसते; पोसलेल्या कंदाची काडी 40 ते 60 सेंटिमीटर लांब येते आणि तिला पर्णिकांच्या सहा ते आठ जोड्या असतात. पूर्ण वाढलेले झाड घरात दोन ते तीन फूट उंच आणि जवळजवळ तेवढेच रुंद होते. तिथवर पोहोचायला काही वर्षे लागतात. एका कुंडीत वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच नव्या काड्या येतात, आणि त्याही सलग नव्हे, बहराने. मध्ये दोन-तीन महिने वर काहीच दिसत नाही, तेव्हा कंद आणि मुळे वाढत असतात. याच शांत काळात पाणी वाढवण्याचा मोह होतो. तो टाळा.

वाढ पाहायची असेल तर कुंडी हातात घ्या. प्लॅस्टिकच्या कुंडीच्या भिंती बाहेर फुगल्या असतील, दाबल्यावर आत टणक लागत असेल, तर कंद भरलाय. पातळ कुंडी तर हे झाड फोडतेसुद्धा. अशा रोपाची कुंडी बदलण्याचे काम पुणे, नाशिक, कोल्हापूर पट्ट्यात वळवाचे एक-दोन पाऊस झाल्यावर, पण मोसमी पावसाआधी उरकून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात पारा 42-43 अंशांवर असताना मुळांना हात लावू नका. जूनमध्ये उष्मा उतरला की छपराखाली करा. कोकणात आणि गोव्यात ज्यांचे राहिले असेल त्यांनी आता उशीर करू नये, कारण झड सुरू झाल्यावर दुखावलेला कंद सुकायला हवाच मिळत नाही.

नवी कुंडी जुनीपेक्षा एक ते दोन इंचच मोठी घ्या. पाच इंचीतून थेट दहा इंचीत टाकल्याने झाड लवकर वाढत नाही, उलट मुळे पोहोचली नाहीत त्या मातीत पाणी साचून राहते. पोयटा आणि शेणखताचे नेहमीचे मिश्रण या झाडाला पावसाळ्यात फार जड होते. कोकोपीट दोन भाग, जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे एक भाग, भाताचे जळके तूस किंवा पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग आणि वरून थोडे गांडूळखत, एवढे पुरे. कोकोपीट धुऊन घ्या, त्यातल्या क्षारांनी मुळांची टोके करपतात. मूठभर ओले मिश्रण दाबून सोडल्यावर ते भुसभुशीत सुटले पाहिजे.

पावसाळ्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे झेडझेड नुसत्या शेडनेटखाली ठेवणे. जाळी ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. बाकीची पर्णशोभेची झाडे तो पाऊस झेलतात, झेडझेड झेलत नाही. पॉलिथिनचे छत असलेली जागा कमी असेल, तर आधी झेडझेड आत घ्या आणि सिंगोनियम, मनीप्लांट बाहेर राहू द्या. कुंड्या जमिनीवर टेकवू नका. बाकावर, विटांवर, निदान खडीच्या थरावर ठेवा, म्हणजे तळाची भोके मोकळी राहतील. कुंड्यांखाली ताटल्या असतील तर काढून टाका. जुलै-ऑगस्टमध्ये वार ठरवून पाणी देणे बंद करा. बोट दोन पेरे आत घालून कोरडे लागले तरच द्या, आणि दिले तर भरपूर देऊन निथळू द्या. सलग ढगाळ हवेत दोन-तीन आठवडे पाणी दिले नाही तरी रुजलेल्या रोपाचे काही बिघडत नाही.

कंदकूज ओळखायला सोपी आहे. काडी बुडाशी पिवळी, मऊ, पाणचट होते आणि हलके ओढल्यावर हातात येते. मातीला आंबूस वास येतो. अशी कुंडी लगेच वेगळी काढा, कंद बाहेर काढून मऊ भाग टणक पांढऱ्या गरापर्यंत कापा, सुरी दर कापाला पुसा. कापलेल्या जागी कॉपरयुक्त बुरशीनाशक लावा, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या नव्या मिश्रणात लावा. पहिले पाणी आठवड्याने. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. हातमोजे घाला: याच्या रसात अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्वचा खाजते आणि डोळ्याला लागले तर चांगलीच आग होते. लहान मुले आणि जनावरे ते चघळणार नाहीत याची काळजी घ्या.

वाढीचा वेग खऱ्या अर्थाने वाढवायचा असेल तर तो प्रकाशाने वाढतो. अंधाऱ्या कोपऱ्यात जगते म्हणून झेडझेड प्रसिद्ध आहे, पण जगणे वेगळे आणि वाढणे वेगळे. कमी उजेडात काड्या लांबट, विरळ पर्णिकांच्या आणि वाकलेल्या येतात, आणि असा माल खपत नाही. उन्हाळ्यात 75 टक्के सावली देणारी जाळी योग्य. पावसाळी ढगाळ दिवसांत दुहेरी जाळी असेल तर एक काढा. थेट दुपारचे ऊन मात्र कधीच नको, पर्णिका भाजून पांढरट होतात. कुंड्यांची दाटी मोडा, अंतर द्या, आठवड्याला पाव वळसा फिरवा. खत नवे कोंब दिसत असतानाच: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) निम्म्या तीव्रतेने महिन्यातून एकदा, किंवा हळूहळू विरघळणारे दाणेदार खत तीन-चार महिन्यांतून एकदा. थंडीत रात्रीचा पारा 15 अंशांखाली जाऊ लागला की खत बंद आणि पाणी अगदी कमी.

नवी रोपे करायला जूनची उबदार, दमट हवा उत्तम. विभाजन सर्वांत जलद: एकेका कंदाला निदान एक काडी आणि मुळे ठेवून वेगळे करा, हंगामाभरात रोप सावरते. पर्णिकेपासून रोपे भरपूर होतात, पण धीर लागतो. जुनी, निबर पर्णिका बुडासकट काढा, एक दिवस सुकवा, एक तृतीयांश भाग ट्रेमध्ये खोचा. साधारण दोन-तीन महिन्यांत बुडाशी वाटाण्याएवढा कंद धरतो, पण पहिला कोंब यायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. मधल्या काळात पर्णिका पिवळी पडून वाळली तरी ट्रे फेकू नका, आधी उकरून पाहा. कंद टणक असेल तर रोप जिवंत आहे. ट्रेवर तारीख लिहून ठेवा. विक्रीजोगी कुंडी लवकर भरायची तर एका पाच इंची कुंडीत तीन लहान कंद लावा. एकट्या कंदातून तेवढ्या काड्या येईपर्यंत दोन वर्षेही जातात, आणि तोवर त्याने अडवलेल्या बाकाचा खर्च आपल्यालाच बसतो.

झेडझेडचा काळ्या पानांचा वाण ‘रेव्हन’ हिरव्यापेक्षाही सावकाश वाढतो, त्याचा भाव आणि जागा ठरवताना हे धरून चाला. त्याचे नवे कोंब पोपटी येतात आणि काही आठवड्यांत काळपट जांभळे होतात. ग्राहकाला विक्रीच्या वेळीच हे सांगा, नाहीतर रोग आला म्हणून रोप परत येते. दिवाळीच्या भेटींसाठी माल तयार करणाऱ्यांनी गणपतीनंतर पाऊस ओसरला की कुंड्या तपासाव्यात: तेव्हा दिसणारे कोंबच दिवाळीपर्यंत पूर्ण उघडतील. ज्या कुंडीत कोंब नाही ती या वर्षीच्या हिशेबातून काढा आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी मागच्या बाकावर ठेवा.