गृहकर्जाचे दर ऑनलाइन विचारा, पण मोबाईल नंबर शेवटी द्या

बेळगावच्या रविवार पेठेत गुळाचा भाव विचारताना कोणी आधी पॅन कार्ड काढून दाखवत नाही. घराच्या कर्जाचा दर विचारताना मात्र आपण नाव, पगार, पॅन, मोबाईल सगळं पहिल्याच फॉर्मात देऊन बसतो. मीही दिलं होतं. गेल्या वर्षी अनगोळमधल्या घरासाठी रात्री अकरा वाजता दरांची तुलना करून देणाऱ्या एका साइटवर फॉर्म भरला, आणि सकाळी चहा गाळेपर्यंत फोन सुरू झाले. एकजण गोड मराठीत म्हणाला, ‘सर, सात-बारा तेवढा तयार ठेवा.’ बेळगावात सात-बारा कुठला? महाराष्ट्रातलीच यादी तो आम्हाला वाचून दाखवत होता.

तेव्हा सुरुवात नंबर न देता करा. बहुतेक बँका गृहकर्जाचे चालू दर आपल्या साइटवर उघड ठेवतात. बँकेच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असा आहे का, ते बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तसा पत्ता घ्यायला सांगितलं होतं. पत्ता स्वतः टाईप करा. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ते पुष्कळदा जाहिरातीचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी अ‍ॅपची फाईल पाठवली तर ती उघडूच नका.

मग स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद आणि स्कोअर, काढा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. पण दहा ठिकाणी अर्ज टाकलात तर दहा चौकशा नोंदल्या जातात आणि पुढच्या बँकेला त्या दिसतात. म्हणून आधी लांबून बघून तीन नावं काढायची आणि अर्ज तेवढ्या तीनच ठिकाणी करायचा.

तिघांनाही प्रश्न एकच विचारा, नाहीतर तुलना होत नाही. मी वहीत लिहून ठेवलं होतं: ३० लाख, २० वर्षं, फ्लोटिंग (म्हणजे मुदतीत बदलत राहणारा दर). ८.५० टक्क्यांनी हप्ता येतो साधारण २६,०३५ रुपये आणि ८.७५ टक्क्यांनी २६,५११. महिन्याला पावणेपाचशेचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण २४० हप्त्यांत तो एक लाख चौदा हजारांवर जातो. दरासोबत आणखी दोन गोष्टी विचारा. प्रोसेसिंग फी जीएसटी धरून किती? अर्धा टक्का म्हणजे १५,००० आणि वर १८ टक्के, एकूण १७,७०० होतात. आणि दर कशाला जोडलाय? बँकांची फ्लोटिंग गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली असतात; हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्या आपला दर आपण ठरवतात. फ्लोटिंग कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, तेव्हा कोणी दंडाची भाषा केली तर ऐकून घेऊ नका.

‘शंभर टक्के लोन करून देतो अण्णा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच मिळतं, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. ‘फाईल चार्ज’ म्हणून कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तरी तेच. पैसे गेलेच असतील तर विचार करत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

कागदांचं आपल्याकडे कर्नाटकात वेगळंच आहे. मिळकतीच्या नोंदीसाठी शहरात ई-खाता, पंचायतीत ई-स्वत्तूचा फॉर्म ९ आणि ११, आणि नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढलेली ईसी, म्हणजे मिळकतीवर बोजा आहे का ते सांगणारा दाखला. मजगाव, कंग्राळीकडे स्वस्तात प्लॉट घेतला असेल तर तो एनए, म्हणजे बिगरशेती, झालाय का, ते दर विचारायच्या आधी बघा; नसेल तर बँका सहसा कर्जच देत नाहीत. कागद शाखेत किंवा कर्ज देणाऱ्याच्या स्वतःच्या पोर्टलवरच द्या. झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘फक्त गृहकर्ज चौकशीसाठी’, आणि तारीख टाका.

तीन ठिकाणी अर्ज गेले की प्रत्येकाकडून केएफएस मागा, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं. दर, फी, बँकेमार्फत घेतलेला विमा हे सगळं धरून वर्षाला खरा खर्च किती, ते त्यात एपीआर म्हणून एका आकड्यात असतं. हा कागद हातात येईपर्यंत फोनवर सांगितलेला दर म्हणजे नुसती बोलाचीच कढी. त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस टिकतात, त्यामुळे ‘आज सही केली तरच हा रेट’ या घाईला भ्यायचं कारण नाही.

हा कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावा, असा नियम आहे. मी मराठीत मागितला. अधिकारी कन्नड, मराठी लिहायची सवय नाही, पण माणूस सरळ. ‘आम्ही वाचून सांगतो की,’ म्हणाले आणि पेनाचं टोक ठेवत एकेक ओळ सांगत गेले. एका ओळीपाशी पेन जरा पटकन पुढे सरकलं. मी परत मागे आणायला लावलं. ४२,००० रुपयांचा विमा होता, कर्जातच मिळवलेला. ‘हा घ्यायलाच पाहिजे काय?’ असं विचारलं. ‘कंपल्सरी नाही,’ म्हणाले आणि नवीन प्रिंट काढायला उठले.