काटा हिरव्यात होता, तरी गॅस संपला

गेल्या पावसाळ्यात आम्ही व्हॅन घेऊन गणपतीपुळ्याला मुक्काम केला होता. संकष्टी होती, सासऱ्यांचा उपास. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ बघून मी मोदकपात्र चढवलं. रेग्युलेटरजवळच्या गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हिरव्यात. वीस मिनिटांत ज्योत बारीक होत गेली आणि विझली. वाकून बघते तर काटा लाल रंगावर आडवा. म्हातारा माणूस दिवसभराचा उपाशी, आणि मोदक अर्धे कच्चे. त्या रात्रीपासून मी गेजवर विसंबत नाही.

झालं काय होतं ते सांगते. सिलिंडरमध्ये खाली पातळ गॅस असतो, वर त्याची वाफ. आपण वाफ जाळतो आणि तेवढीच नवी वाफ खालून तयार होते. त्यामुळे दाब जवळजवळ तसाच राहतो, मग आत चार किलो असो की पाव किलो. दाब ठरतो तो तापमानावर. शुद्ध प्रोपेन 20 अंशांना साधारण 7 बार (बार हे दाबाचं माप) दाखवतो, 40 अंशांना 12च्या वर. आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेनही असतो, म्हणून आकडे कमी, पण वागणं तेच. म्हणजे रेग्युलेटरवरचं रंगीत गेज उन्हात तापलेल्या व्हॅनमध्ये टाकी भरलेली दाखवणार, आणि खरं बोलणार ते पातळ गॅस संपल्यावरच.

मोठ्या आरव्हींना, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांना, खाली पक्की बसवलेली टाकी असते. तिचं गेज वेगळं: आत तरंगता गोळा, बाहेर चुंबकाने फिरणारी तबकडी. हे खरोखर पातळी मोजतं. ही टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण गॅस तापून फुगला की त्याला जागा लागते. काटा 80वर थांबला म्हणून पंपवाल्याशी भांडू नका, टाकी भरलेलीच आहे. मात्र वाचताना गाडी सपाटीवर हवी. आमच्याकडे सपाट जागा शोधावी लागते. उतारावर काटा हमखास चुकतो. गाडीतल्या पॅनेलवरचे पातळी दाखवणारे दिवे वेडेवाकडे दाखवू लागले, तर आधी टाकीवरची तबकडी बघा. खाऱ्या हवेने तबकडीपासून पॅनेलकडे जाणाऱ्या वायरीचं टोक हिरवं पडतं, गोळ्याला काही झालेलं नसतं. तबकडी दोन स्क्रूंवर बसलेली असते. टाकी न उघडता बदलता येते.

5 किलोच्या सिलिंडरला मात्र वजन करण्यासारखा दुसरा उपाय नाही. वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. मी मासळीवाल्यांकडे असतो तसला लटकवायचा वजनकाटा घेतलाय. शेगडी बंद करून, रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर टांगायचा. आलेल्या वजनातून कोरलेलं वजा केलं की उरला तो गॅस. 2 किलोवॉटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण 160 ग्रॅम खातो. दीड किलो उरला असेल, तर नऊ तास. दोन वेळचं जेवण आणि चहा धरला, तर आमचे तीन दिवस निघतात.

वजनकाटा हाताशी नसेल, तर कोकणातली दमट हवाच मदतीला येते. मोठ्या आचेवर वीसेक मिनिटं शेगडी चालू द्या आणि सिलिंडरवरून वरून खाली तळहात फिरवा. पातळ गॅस वाफ होताना थंड होतो, म्हणून तेवढ्या भागावर घाम सुटतो. पावसाळ्यात तर ओली रेघ डोळ्यांना दिसते. त्या रेघेखाली गॅस आहे. त्या रात्री हात फिरवला असता, तर अगदी तळालाच जेमतेम ओल लागली असती.

आणखी एक. गेज जोडणं म्हणजे गळतीची एक जागा वाढवणं. प्रत्येक वेळी सांध्यावर साबणाचा फेस लावा, बुडबुडा दिसला तर लगेच बंद. गॅस हवेपेक्षा जड, व्हॅनच्या तळाशी साचतो. तो बाहेर जाण्यासाठीची तिथली जाळी चपला-पिशव्यांनी झाकू नका. सिलिंडर उभाच ठेवा, पट्ट्याने आवळून.

आता शेगडीवरच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: तारीख, वजन, उरलेला गॅस. निघायच्या आदल्या संध्याकाळी सासरेच सिलिंडर टांगतात आणि आकडा लिहितात.