पाऊण तासाचं काम, चार दिवसांची वाट

वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप, म्हणजे पाणी बाहेर फेकणारा पंप, बदलायला पाऊण तास पुरतो. तरी नाशिकच्या इंदिरानगरातल्या काकूंची मशीन सोमवारी बंद पडते आणि शुक्रवारी सुरू होते. मधल्या दिवसांत आमच्या दुरुस्तीच्या दुकानातली पोरं रिकामी बसलेली नसतात. सकाळी नऊला निघून रात्री आठला परततात. मशीन मात्र वाट बघत असते. आधी फोन आला तेव्हा कोणी नीट लिहून घेतलं नाही म्हणून, मग माणूस गेला पण पार्ट जवळ नव्हता म्हणून, मग पार्ट आला तर काकू लेकीकडे गेल्या म्हणून.

एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान, चार माणसं आणि एक काउंटर एवढाच पसारा असेल, तर माणसांना आणखी पळवून फार काही हाती लागत नाही. ही वाट बघणी कमी करायची. आम्ही ते ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने सांगतो.

१. आठवडाभर नुसतं लिहा

शंभर पानी वही घ्या. दर तक्रारीपुढे चार वेळा लिहायच्या: फोन कधी आला, माणूस पहिल्यांदा कधी गेला, पार्ट कधी हाती आला, पैसे कधी मिळाले. शेवटचा रकाना फेऱ्यांचा. या सात दिवसांत बाकी काहीही बदलू नका, सॉफ्टवेअर तर मुळीच घेऊ नका. आणि ही वही पोरांवर नजर ठेवायला नाही हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर ती तुम्हाला आवडतील अशाच वेळा लिहून आणतील.

आठव्या दिवशी लाल पेनाने वेळेची सगळ्यात मोठी गळती शोधा. आमच्याकडे ती फेऱ्यांच्या रकान्यात निघाली. एका कामाला दोनदा, तीनदा जाणं. पहिली फेरी नुसती बघायला, दुसरी पार्ट घेऊन.

२. निम्मं निदान फोनवरच करा

‘एसी चालत नाही, माणूस पाठवा’ एवढ्यावर फोन ठेवू देऊ नका. काउंटरवरच्या माणसापुढे प्रश्नांचा कागद चिकटवा. काकू, स्क्रीनवर काही अक्षरं-आकडे दिसताहेत का? ड्रम फिरतो का? पाणी आत येतं पण बाहेर जात नाही, असं होतंय का? एसीची फिल्टर शेवटची कधी धुतली? रिमोटवर ‘कूल’ आहे की नुसता ‘फॅन’? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण विचारा.

मग मॉडेलच्या स्टिकरचा फोटो मागवा. फ्रिजमध्ये तो बहुधा आतल्या बाजूला असतो, वॉशिंग मशीनवर मागे किंवा दाराच्या कडेला, एसीच्या घरातल्या युनिटवर बाजूला किंवा खाली. हा एक फोटो आला की कोणता पार्ट लागेल याचा अंदाज माणूस निघण्याआधीच बांधता येतो.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवून ठेवायची सोय आहे. तिरकी रेघ टाकली की ती समोर येतात. स्टिकरच्या फोटोची विनंती, व्हिजिट चार्ज आणि पत्ता-लोकेशन ही तीन साठवा. त्यातच लेबलंही आहेत. ‘नवीन’, ‘पार्टची वाट’, ‘पैसे बाकी’ एवढी पुरतात. दहा लेबलं केलीत की कोणीच लावत नाही.

फोनवरच फिल्टर धुवायला सांगून काम मिटलं, तर व्हिजिट चार्ज बुडतो, हे खरं. मला तो बुडालेला चालतो. एप्रिल-मेमध्ये तसंही जायला वेळ नसतो, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे फोन करत नाही. मात्र गिऱ्हाइकाला झाकण किंवा पॅनेल उघडायला कधीच सांगू नका. जळका वास येत असेल तर मेन स्विच बंद करायला सांगून लगेच माणूस काढा.

३. पिशवी जुन्या बिलांवरून भरा

मागच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि कोणता पार्ट किती वेळा गेला ते मोजा. तेच ते आठ-दहा पार्ट पुन्हा पुन्हा दिसतील: कपॅसिटर, इनलेट व्हॉल्व्ह, ड्रेन पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट. हे प्रत्येकाच्या पिशवीत हवेत. पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, नको, महाग असतो आणि मॉडेलगणिक वेगळा.

दुकानात प्रत्येक पार्टचे दोन डबे ठेवा. पुढचा रिकामा झाला की त्याच दिवशी ऑर्डर, तोवर मागचा वापरायचा. टोयोटात ताईइची ओनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटांकडे बघून संपेल तसं मागवायच्या ज्या कानबान पद्धतीची घडी बसवली, तिच्यातलंच हे सूत्र. आपल्या घरी साखरेचा डबा संपत आला की आई मागच्या फळीवरची बरणी काढते आणि यादीत साखर लिहिते, तेच.

४. वारानुसार भाग वाटा

देवळाली कॅम्प आणि म्हसरूळ एकाच माणसाला एकाच दिवशी दिलंत, तर त्याचा दिवस द्वारका चौकाच्या कोंडीत जातो. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा एका दिवशी. गंगापूर रोड, कॉलेज रोड, सातपूर दुसऱ्या. नाशिकरोड-देवळाली तिसऱ्या. पंचवटी, म्हसरूळ, आडगाव चौथ्या. कारखान्यातल्या गिऱ्हाइकाला सुट्टीचा वार आणि शिफ्ट आधीच विचारून लिहून ठेवा, म्हणजे कुलूप बघून परत येणं टळतं.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढायला लागलं, की गोदाकाठची कामं पुढे ढकला. 2027च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी पंचवटीचं काम घेऊच नका. 2015च्या पर्वण्यांना रस्ते कसे अडवले होते, ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल.

रोज एक जागा मात्र मोकळी ठेवा. ज्या फ्रिजमध्ये कोणाचं इन्सुलिन आहे तो वाराची वाट बघू शकत नाही.

५. भागाकार करून तारीख द्या

फळ्यावर अपुरी कामं लिहा. समजा 24 आहेत, आणि रोज सरासरी सहा पुरी होतात. मग आज फोन करणाऱ्याचं काम सरासरी चार दिवसांनी होणार. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 साली रांगांबद्दलचा हा नियम गणिताने सिद्ध केला. दुकानात त्यासाठी भागाकार येणं पुरे.

म्हणजे सोमवारी फोन आला तर ‘उद्या पाठवतो’ म्हणू नका, ‘शुक्रवारी सकाळी’ म्हणा. ‘उद्या’ म्हणालात की परवा त्याचा फोन, तेरवा पुन्हा फोन, आणि तो उचलायला हातातलं काम सोडणारा माणूस तुमचाच. पहिले काही दिवस दोन-चार गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्या.

चारचे तीन दिवस करायचे तर फळ्यावरची गर्दी कमी करायला हवी. एसीच्या जुन्या गिऱ्हाइकांना फेब्रुवारीतच फोन करून सर्व्हिसिंग उरकून घ्या. उन्हाळ्यात फळ्यावर चढणारी बरीच नावं तिथेच गळतात.

६. पैसे दारातच

अंदाजी खर्च काम सुरू करण्याआधी मेसेजवर कळवून ‘हो’ घ्या. जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, यूपीआयचा क्यूआर छापा. पोराने मशीन चालवून दाखवावी, पैसे घ्यावेत, मगच पिशवी आवरावी.

महिन्याने तीच वही पुन्हा सात दिवस लिहा आणि आधी फेऱ्यांचा रकाना बघा. तिथे अजूनही दोन-तीनचे आकडे दिसले, तर प्रश्नांचा कागद भिंतीवरून कधीचा निघून गेलाय का, ते तपासा. आमचा निघाला होता. पंख्याच्या वाऱ्याने कपाटामागे पडला होता.