वाळवंट असो की केरळ, हंगाम निवडताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या माणसाला पावसाची जाण असते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या वर कोसळतो, शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळला जेमतेम पाचशे. एकाच जिल्ह्यातला हा फरक आपण लहानपणापासून बघतो. तरी फिरायला जायचं ठरलं की हाच माणूस सगळ्या देशाला कोल्हापूरचं कॅलेंडर लावतो. दसऱ्याला पाऊस संपला, दिवाळीत थंडी पडली, मेमध्ये ऊन. सुट्टी बघून तारीख ठरते, तारीख बघून ठिकाण ठरतं आणि तिथलं हवामान कुणी विचारतच नाही. एकीकडे राजस्थान-कच्छचं वाळवंट आणि दुसरीकडे केरळ-अंदमानचा दमट पट्टा, या दोन्हीकडे लोक फसतात ते यामुळेच.

दिवाळीत केरळ

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे, म्हणून जरा सविस्तर.

केरळात पाऊस दोनदा येतो. पहिला १ जूनच्या आसपास येणारा नैर्ऋत्य मान्सून, तो आपल्याला माहीत असतो. दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, वारे ईशान्येकडून वाहू लागल्यावर येणारा. मल्याळीत त्याला तुलावर्षम् म्हणतात, म्हणजे तूळ महिन्यातला पाऊस. मल्याळी महिने सौर असतात. सूर्य तूळ राशीत शिरला की त्यांचा तुलाम सुरू होतो, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. आता आपलं पंचांग काढून बघा. लक्ष्मीपूजनाची अमावास्या येते तेव्हा सूर्य तूळ राशीतच असतो. म्हणजे दिवाळी लवकर येवो की उशिरा, ती तुलामातच पडते. ‘यंदा दिवाळी उशिरा आहे, पाऊस संपला असेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

हा पाऊस आषाढासारखा दिवसभराचा नसतो. आपल्या वळवासारखा असतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी बारानंतर घाटाच्या बाजूने ढग चढत जातात, दोन ते पाचच्या दरम्यान कडकडाट आणि मुसळधार, रात्री पुन्हा चांदणं. आता नेहमीचा कार्यक्रम या वेळापत्रकावर ठेवून बघा. आलेप्पीची हाउसबोट दुपारी बाराच्या सुमारास मिळते. थोडं अंतर गेलं की जेवणासाठी काठाला लागते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हाउसबोटी बांधून ठेवतात, कारण त्यानंतर मासेमारांची जाळी पाण्यात पडतात. राहिले मधले तीन-चार तास, आणि विजा नेमक्या तेव्हाच येतात. बोट काठालाच थांबते, बाजूचे पडदे सोडतात, बायकापोरं मधल्या खोलीत बसून राहतात. सकाळी नऊला उतरताना आभाळ निरभ्र असतं, तेव्हा वाटतं आजच खरं फिरायला हवं होतं. तिथून मुन्नार. सवयीप्रमाणे निवांत उठून, नाश्ता आटोपून अकराला निघालेली मंडळी व्ह्यूपॉइंटला पोचेपर्यंत धुकं भरून येतं आणि समोरचे चहाचे मळे दिसेनासे होतात. सहा दिवसांच्या सहलीतल्या चार दुपारी अशाच जातात. घरी येऊन ‘केरळात काही बघण्यासारखं नाही’ असं सांगितलं जातं, हे वाईट वाटतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा, हे सरळ उत्तर. दिवाळीतच जायचं असेल तर घड्याळ उलटं लावा. हाउसबोटीऐवजी सकाळी साडेसहा ते दहा शिकारा, म्हणजे छोटी होडी, घ्या. अरुंद कालव्यांत तोच आत जातो आणि खर्चही कमी येतो. डोंगरातलं सगळं बघणं बाराच्या आत, घाटातला प्रवास दोनच्या आत. दुपार जेवणाला, झोपेला, देवळाला आणि खरेदीला ठेवा. हाउसबोट हवीच असेल तर रात्र त्या बोटीवर पावसाच्या आवाजात काढायची, या तयारीने घ्या.

रामेश्वर-कन्याकुमारीलाही हेच लागू आहे, उलट जास्त. तमिळनाडूच्या किनाऱ्याला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच पडतो. चेन्नईत २०१५ च्या डिसेंबरात पूर आला होता, हे लक्षात असू द्या. यात्रा जानेवारी-फेब्रुवारीत करा.

मुन्नारला फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त नीलगिरी ताहर (डोंगरातली रानशेळी) बघायला जाणं

इरविकुलम राष्ट्रीय उद्यान त्यांच्या विणीसाठी साधारण याच दोन महिन्यांत बंद असतं. आधी चौकशी करा.

वाळवंट म्हणजे फक्त ऊन

दुसरी लाडकी चूक. जैसलमेरला डिसेंबर-जानेवारीत जायचं हे लोक बरोबर ठरवतात आणि सामान चुकीचं भरतात. फोनवर ‘जैसलमेर २४ अंश’ दिसतं, म्हणून प्रत्येकी एक स्वेटर. तो आकडा दुपारचा असतो. जानेवारीत तिथे कमाल साधारण २४ आणि किमान ७-८ अंश. थंडीची लाट आली तर त्याहून बरंच खाली. कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवायला बाष्प नसतं आणि वाळू जशी पटकन तापते तशी पटकन निवते. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात वाळूत हात घालून बघा, वरचा थर गार लागतो आणि बोटभर खाली अजून ऊब असते. रात्री दहाला खालीही ऊब राहत नाही.

समच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. कॅम्पवरचा कार्यक्रम उघड्यावर असतो, नाच-गाणं संपेपर्यंत दहा वाजतात, झोपायला कापडी तंबू. काही जण सूर्यास्त बघून उघड्या जीपमधून शहरात परततात. चालत्या गाडीत तोच वारा दुप्पट झोंबतो. आजीआजोबा आणि लहान मुलं तिथेच आजारी पडतात आणि पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत जातात. कोल्हापूरच्या बारा-चौदा अंशांची सवय इथे उपयोगी पडत नाही.

प्रत्येकी अंगालगत एक थर्मल जोड, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्यावर स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. कान झाकणारी टोपी, लोकरी मोज्यांचे दोन जोड. घरातली जाड घोंगडी नेली तर तंबूतल्या रजईवर टाकायला तिच्यासारखं काही नाही. एकच जाड कोट नेऊ नका: दुपारी अकराला किल्ल्यात फिरताना तो हातात धरून फिरावा लागतो. थर काढता-घालता आले पाहिजेत.

आणि हवामान बघताना सरासरी कधीच बघू नका. कमाल वेगळं, किमान वेगळं, आणि त्या महिन्यात पावसाचे दिवस किती ते बघा. हवामान खातं २.५ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतं. चार दिवसांत महिन्याचा पाऊस उरकणारं ठिकाण आणि वीस दिवस भुरभुरणारं ठिकाण यात फिरणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एवढे तीन आकडे बघायला दहा मिनिटं लागतात. लाखभर रुपये भरणाऱ्यांना ती दहा मिनिटं काढवत नाहीत, हे मात्र समजत नाही.

मेच्या सुट्टीत राजस्थान

हॉटेल निम्म्या दरात मिळतं म्हणून लोक जातात. १९ मे २०१६ ला जोधपूर-जैसलमेरच्या मधल्या फलोदीत ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एरवीही ४५ च्या पुढे पारा जातो, दिवसभर लू, म्हणजे तापलेला वारा, वाहते, मधूनच धुळीची आंधी येते आणि समचे बरेचसे कॅम्प बंद असतात. शिवाय कोरड्या हवेत घाम आल्याआल्या वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. नाइलाज असेल तर माणशी रोज चार-पाच लिटर पाणी, त्यातल्या एका लिटरात ओआरएसचं एक पाकीट, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उन्हात पाऊल नाही. पासष्टीच्या पुढचे आणि पाच वर्षांखालचे बरोबर असतील तर जाऊच नका.

ऑक्टोबरला थंडी समजणं. वाळवंटातून मान्सून सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात माघारी फिरू लागतो, पण ऑक्टोबरात जैसलमेरची दुपार अजून ३६ अंशांची असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून बरं. त्यातही दिवाळीनंतरचा आठवडा गुजराती पर्यटकांच्या गर्दीचा आणि २० डिसेंबर ते ५ जानेवारी सगळ्या देशाचा. शाळेचं बंधन नसेल तर १० जानेवारी ते फेब्रुवारीअखेर हा काळ सोन्यासारखा: गर्दी ओसरलेली, दर उतरलेले, दुपार सोसवणारी.

कच्छच्या पांढऱ्या रणाची घाई. पावसाळ्यात रण पाण्याखाली असतं. ते पाणी आटतं तेव्हा मिठाचा थर धरतो. पाऊस जोरदार झाला तर नोव्हेंबरातही रणाकाठच्या धोर्डो गावाजवळ पांढऱ्या जमिनीऐवजी पाणी आणि चिखल दिसतो. तारीख घेण्याआधी तिथल्या मुक्कामवाल्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: पाणी उतरलं का? पौष पौर्णिमा, म्हणजे आपली शाकंभरी पौर्णिमा, बहुतेक वर्षी जानेवारीत येते. रात्री रण बघायला तिच्या आसपासचे तीन दिवस उत्तम. छोट्या रणातलं रानगाढवांचं अभयारण्य आणि गीर, दोन्ही १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद.

अंदमान मेअखेर. मान्सून तिथे केरळच्याही आधी पोचतो. समुद्र खवळला की स्वराज द्वीपाच्या (जुनं नाव हॅवलॉक) बोटी रद्द होतात आणि परतीचं विमान चुकतं. डिसेंबर ते एप्रिल जा, आणि कुठल्याही महिन्यात गेलात तरी शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमलाच काढा.

तारकर्लीचा स्कूबा जून-जुलैत शोधणं. किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात.

कोल्हापुरी चप्पल घालून जाणं. भिजली की चामडं फुगतं, वाळूत टाचेखाली खडे साचतात. दोन्हीकडे पट्ट्याचे सँडल किंवा बंद बूट.

निघण्याच्या गावाचा हंगाम विसरणं. ठिकाणाचं हवामान तपासून झालं की आपल्या दाराचंही तपासा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुण्याहून किंवा गोव्याहून विमान असेल तर एक दिवस आधी निघा. गोव्याकडे जाताना घाटात दरडी पडतात. कोकण रेल्वेने केरळला जाणार असाल तर पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात, म्हणून कुडाळ किंवा मडगावची वेळ जुन्या तिकिटावरून धरू नका. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. महिना त्याच्याही आधी पक्का करा. पाच दिवसांचा अंदाज बघायचा तो फक्त बॅग भरण्यासाठी.